स्पीड दीडशे, तरी शंतनूचा आवाज येत नाही: एका गेमिंग कन्सोलच्या कनेक्शनचा पूर्ण तपास

गेल्या दिवाळीत मिरजेला ताईकडे गेलो, तर चपला काढायच्या आत भाच्याने हात धरून हॉलमध्ये नेलं. ओम नववीत आहे. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये त्याचं प्लेस्टेशन ४ होतं. २०१३ साली आलेलं पहिलं मॉडेल, दाजींनी ओळखीतून सेकंडहँड घेतलेलं. "मामा, नेट बघ ना. आम्ही सगळं करून बसलोय."

सगळं म्हणजे खरोखरच बरंच काही होतं. दाजींनी आधी पन्नास एमबीपीएसचा प्लॅन दीडशेचा केला. फरक पडला नाही, म्हणून चार अँटेनांचा नवा राउटर आणला. ओमने व्हिडिओ बघून कन्सोलला आयपी ॲड्रेस (नेटवर्कमधला त्याचा पत्ता) हाताने भरला, डीएनएसच्या जागी ८.८.८.८ टाकलं, राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, उघडले. इतकं करूनही रात्री गेम तुटायचाच. आणि त्याचा जिवलग मित्र शंतनू, जो दोन गल्ल्या पलीकडे राहतो, त्याचा आवाज हेडसेटमध्ये यायचाच नाही.

मी गेली अठरा वर्षं नेटवर्कचंच काम करतो. ओळखीच्या घरांत मला नेहमी हाच क्रम दिसतो: आधी प्लॅन वाढवायचा, मग राउटर बदलायचा, शेवटी कन्सोलला दोष द्यायचा. पैसा जातो आणि पोरगं हिरमुसतं. म्हणून मिरजेच्या त्या चार दिवसांचा तपास पहिल्यापासून लिहून काढतोय, ज्या पायऱ्यांनी काहीच हाती लागलं नाही त्यांच्यासकट.

तक्रार एक, आजार तीन

"नेट बंद पडतं" हे ताईचं वाक्य. एवढ्यावर कुणालाही काही करता येत नाही. पहिल्या संध्याकाळी मी एकाही वायरीला हात लावला नाही. ओमला समोर बसवलं आणि विचारत गेलो. कधी बंद पडतं? तेव्हा मोबाइलवर नेट चालू असतं का? कोणाबरोबर खेळताना? लाईट जाऊन आल्यावर काय होतं?

उत्तरं वहीत लिहिली आणि तासाभरात एका तक्रारीच्या तीन झाल्या.

एक: कधीकधी कन्सोल नेटला जोडलाच जात नाही. हे बहुतेक लाईट जाऊन आल्यावर सुरू होतं, चार-सहा दिवस राहतं आणि आपोआप जातं. यावर ओमने सहज सांगून टाकलं, "आई शाळेतून आली की नेट जातं." ताई शिक्षिका आहे. घरात सगळे या वाक्याला हसायचे. मला त्यात तपासाचा सगळ्यात चांगला धागा दिसला.

दोन: रात्री आठ ते दहा गेम अडखळतो. पात्र एका जागी थिजतं आणि एकदम दहा पावलं पुढे दिसतं.

तीन: शंतनू. पुण्याचा आतेभाऊ पार्टीत (कन्सोलवरच्या गप्पांच्या गटात) आला की त्याला ओमही ऐकू येतो आणि शंतनूही. पण ओम आणि शंतनू एकमेकांना ऐकू येत नाहीत, आणि एकमेकांच्या गेममध्ये शिरायला गेले की फिरत राहतं आणि बाहेर फेकलं जातं. हे रोजचं, कुठल्याही वेळी.

तिन्हीची कारणं वेगळी निघाली. त्यांतलं एकही डाउनलोड स्पीडचं नव्हतं.

सर्व्हर तिकडूनच बंद आहे का, हे आधी पाहून घ्यावं. प्लेस्टेशन नेटवर्क ही सोनीची ऑनलाइन सेवा एप्रिल २०११ मध्ये घुसखोरीनंतर २३ दिवस बंद होती, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे २४ तास. अशा दिवशी घरातला राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नसतो. सेवेची स्थिती दाखवणारं पान मोबाइलवर उघडायला अर्धं मिनिट लागतं. आमच्याकडे ते हिरवं होतं.

आई घरी आली की

प्लेस्टेशन ४ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, आणि त्यात इंटरनेट कनेक्शन तपासण्याचा पर्याय असतो. लोक या चाचणीतला शेवटचा डाउनलोडचा आकडा तेवढा बघतात. पण ती वरून खाली, ओळीओळीने वाचायची असते. पहिली ओळ: आयपी ॲड्रेस मिळाला का. म्हणजे कन्सोल आणि राउटर यांचं बोलणं झालं का. दुसरी: इंटरनेटला पोचला का. तिसरी: प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये साइन-इन झालं का. मग नॅटचा प्रकार (तो काय, ते पुढे येईल), मग डाउनलोड आणि अपलोड. ज्या ओळीवर गाडी अडते, त्याच्या वरचं सगळं ठीक असतं आणि दोष तिथून पुढे शोधायचा असतो.

ओमने आयपी हाताने भरलेला असल्यामुळे त्याच्याकडे पहिली ओळ कायम पास होत होती. त्या ओळीला तपासायला काही उरलंच नव्हतं. अडायचं ते दुसरीवर, तेही कधी अडायचं, कधी नाही. भरलेला ॲड्रेस होता १९२.१६८.०.७. मी लॅपटॉपवरून राउटरचं पान उघडलं आणि कोणत्या उपकरणाला कोणता ॲड्रेस दिलाय ती यादी काढली. शेवटचा आकडा ७ असलेला ॲड्रेस राउटरने ताईच्या मोबाइलला दिलेला होता.

झालं होतं ते असं. राउटर आपल्या यादीतले मोकळे ॲड्रेस येईल त्या उपकरणाला वाटत जातो. कन्सोलने ७ क्रमांक स्वतःच धरून ठेवलाय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. कन्सोल चालू असेपर्यंत निभावून जायचं. लाईट गेली की राउटरची स्मरणातली यादी पुसली जायची. लाईट आली की मोबाइल, टीव्ही, दाजींचा लॅपटॉप धावत येऊन नव्याने ॲड्रेस घ्यायचे. कन्सोल तेव्हा बंद असायचा, म्हणून ७ मोकळा दिसायचा आणि तो कुणाला तरी मिळून जायचा. या खेपेला ताईच्या मोबाइलला मिळाला होता. ती शाळेत असेपर्यंत कन्सोल सुखात असायचा, आणि ती घरी आली की एकाच ॲड्रेसचे दोन दावेदार व्हायचे.

उपाय पाच मिनिटांचा. कन्सोलमधला हाताने भरलेला ॲड्रेस काढून पुन्हा ऑटोमॅटिक केलं. मग राउटरमध्येच ॲड्रेस राखून ठेवायची सोय असते, तिथे कन्सोलच्या मॅक ॲड्रेससमोर (उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकासमोर) एक क्रमांक कायमचा लिहून टाकला. ॲड्रेस पक्का हवा असेल तर तो राउटरच्या वहीत पक्का करावा, उपकरणात नाही. खात्रीसाठी मी घराचा मेन स्विच दोनदा बंद-चालू केला. दोन्ही वेळा कन्सोल ठीक जोडला गेला. त्या रात्री जेवताना ताईने ओमची माफी मागितली. तो तीन महिने खरं सांगत होता.

डीएनएसबद्दल इथेच सांगून टाकतो. डीएनएस नावावरून ॲड्रेस शोधून देतं. कनेक्शन पुरवणाऱ्याचं डीएनएस बिघडलेलं असेल तर ते बदलून साइन-इन सुधारू शकतं. पण एकदा गेम सुरू झाला की चालू खेळातल्या अडखळण्याशी त्याचा संबंध राहत नाही. ते बदललेलं राहू दिलं, कारण त्यातून तोटाही काही नव्हता.

आठ ते दहा

दुसरा आजार रात्रीचाच, म्हणून दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबलो. सकाळी अकराला तपासलं असतं तर सगळं छान दिसलं असतं, आणि मी "काही नाहीये" म्हणून मोकळा झालो असतो.

साडेआठला ओम खेळत असताना मी लॅपटॉप शोकेसजवळ ठेवून फक्त घरातल्या राउटरला पिंग लावलं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरला नाही. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते: आधी स्वतःच्या घरातला पल्ला मोजायचा. हॉलपासून राउटर जेमतेम आठ मीटरवर, दाजींच्या कामाच्या खोलीत होता. पिंग यायला हवं होतं दोन-तीन मिलिसेकंद. येत होतं ३, ५, १८०, ४, ९५, मध्येच एखादं उत्तरच नाही. शंभरातली चार पाकिटं, म्हणजे नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे, हरवत होती. मग लॅपटॉप वायरने थेट राउटरला लावला: सलग १. म्हणजे कनेक्शन पुरवणाऱ्यापर्यंत जायची गरजच नव्हती. त्या अडखळण्याचा मोठा भाग हॉल आणि कामाच्या खोलीच्या मधल्या हवेतच होता.

प्लेस्टेशन ४ च्या पहिल्या मॉडेलमध्ये वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चालतं. पाच गिगाहर्ट्झ नंतरच्या स्लिम आणि प्रो मॉडेलांत आलं. दाजींच्या नव्या राउटरचा पाचाचा वेगवान पट्टा या कन्सोलला दिसतच नव्हता, त्यामुळे राउटरवरचा तो खर्च कन्सोलपर्यंत पोचलाच नाही. आणि २.४ चा पट्टा म्हणजे गणपतीत भरलेला बाजार. एकमेकांवर न चढणारे चॅनल त्यात तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या ॲपने शेजाऱ्यांची चौदा नेटवर्कं दाखवली, त्यांतली नऊ ६ वर, आणि आपला राउटरही ६ वरच. त्यात वायरलेस कंट्रोलरचं ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर, आणि कन्सोल लोखंडी चौकटीच्या शोकेसच्या आत, टीव्हीखाली.

चॅनल ११ केला, कन्सोल शोकेसच्या बाहेर वर ठेवला. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग मी ओमला घेऊन बाजारात गेलो आणि पंधरा मीटर कॅट-सिक्स केबल आणली. दाराच्या चौकटीवरून क्लिपा मारत ती दोघांनी हॉलपर्यंत आणली. ताईला ती वायर दिसू नये असं वाटत होतं, म्हणून पांढरी घेतली आणि पट्टीत झाकली. या तपासात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त गुण त्या केबलने दिला. गेमसाठी वायर ओढणं शक्य असेल तर ती ओढावी, यावर माझं दुमत नाही.

तरीही थोडं उरलं. वायर लावल्यावर राउटरपर्यंतचं पिंग सलग १ झालं, पण बाहेरच्या एका जवळच्या सर्व्हरचं मधूनच १४ वरून ४०० वर उडी मारायचं, दोन-तीन मिनिटं तिथे राहायचं आणि खाली यायचं. मी घरातल्यांचे मोबाइल पाहिले. ताईच्या मोबाइलमधले दिवाळीचे फोटो आणि व्हिडिओ रात्री चार्जिंगला लावले की क्लाउडवर चढत होते. अपलोड मोजला तर १८ एमबीपीएस. प्लॅनच्या कागदावर दीडशे ठळक छापलं होतं, अपलोडचा आकडा कुठेच नव्हता.

एक मोबाइल आख्खा अपलोड व्यापून बसला की गेमची छोटी पाकिटं त्याच्यामागे राउटरच्या रांगेत अडकतात. नेटवर्कवाले याला बफरब्लोट म्हणतात. रांग जितकी लांब, तितका उशीर. गेमला स्वतःला फारच थोडी जागा लागते, पण त्याला ती ताबडतोब लागते. मोठ्या ट्रकांच्या मागे टोलनाक्यावर अडकलेल्या रुग्णवाहिकेसारखं ते होतं. राउटरमध्ये बँडविड्थ नियंत्रण होतं. एकूण अपलोडला १५ ची मर्यादा घातली, म्हणजे रांग पुढे केबलवाल्याच्या डब्यात न साचता आपल्या राउटरच्या ताब्यात राहील, आणि कन्सोलला वरचा प्राधान्यक्रम दिला. फोटो चढत असतानाही पिंग तिशीच्या वर गेलं नाही.

ओमने विचारलं, पिंग पाचवर येईल का. त्याच्या आवडत्या गेमचा सर्व्हर सिंगापूरला आहे. मुंबईपासून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद नुसता प्रकाशालाच लागतात, आणि समुद्रातली केबल काही सरळ रेषेत जात नाही. त्याला सत्तरच्या आसपास मिळत होतं. ते मी त्याला वहीवर गणित करून दाखवलं, आणि तो आकडा कमी करायच्या मागे लागायचं नाही असं ठरलं.

शंतनूचा आवाज

आता तिसरा आजार. मला खरं लिहायचं होतं ते याच्याबद्दल.

चाचणीत नॅटचा प्रकार ३ येत होता. सोनीच्या क्रमवारीत १ म्हणजे कन्सोल थेट इंटरनेटवर, २ म्हणजे राउटरमागे पण वाट मोकळी, ३ म्हणजे वाट अडलेली, आवाज आणि थेट जोडणीत अडचण येऊ शकते. एक्सबॉक्सवर याच गोष्टीला ओपन, मॉडरेट, स्ट्रिक्ट म्हणतात.

ओमला मी मिरजेतल्याच जुन्या वाड्याचं उदाहरण दिलं. वाड्याला रस्त्यावरून पत्ता एकच, आत बिऱ्हाडं दहा. आतून कुणी पत्र टाकलं की मालक वहीत नोंद करतो: अमक्या बिऱ्हाडाने तमक्याला लिहिलंय, टोकन क्रमांक इतका. उत्तर आलं की टोकन बघून त्या दारात देतो. बाहेरून आपणहून आलेलं, टोकन नसलेलं पत्र परत जातं. राउटर हेच करतो, आणि यालाच नॅट म्हणतात. वेबसाइट बघताना सुरुवात नेहमी आतून होते, म्हणून काही अडत नाही. पण दोन कन्सोलना थेट बोलायचं असेल, तर दोघंही आपापल्या वाड्यात असतात आणि कुणीतरी बाहेरून आत यावं लागतं.

यावर एक युक्ती आहे. दोन्ही कन्सोल आधी बाहेरच्या एका सर्व्हरला विचारतात, "तुला मी कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या टोकनने दिसतोय?" उत्तर एकमेकांना कळवतात आणि एकाच वेळी एकमेकांना पत्र टाकतात. मालक चांगला असेल तर एका बिऱ्हाडाचं टोकन सगळ्यांसाठी एकच ठेवतो, आणि युक्ती जमते. पण काही मालक समोरचा बदलला की टोकन बदलतात. मग सर्व्हरला दिसलेलं टोकन मित्रासाठी निरुपयोगी ठरतं. असे दोन कडक मालक समोरासमोर आले की दोन्ही पत्रं दारातून परत जातात.

ओम-शंतनू-आतेभाऊ हे त्रिकूट आता उलगडतं. पुण्याच्या आतेभावाचा प्रकार २, त्याची वाट मोकळी, म्हणून दोघेही त्याच्याशी जोडले जातात. मी शंतनूला त्याच्या घरी चाचणी करायला सांगितलं. त्याचाही प्रकार ३. दोघांचा केबलवाला एकच. म्हणजे कुणाचंही नेट "खराब" नव्हतं. खराब होती ती या दोघांची जोडी. "कोणाबरोबर खेळताना?" हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी विचारायचं कारण हेच.

मग दारं मोजायला घेतली. लॅपटॉपवरून ट्रेसरूट लावला, तो वाटेतले थांबे एकेक करून दाखवतो. पहिला थांबा १९२.१६८.०.१, म्हणजे दाजींचा नवा राउटर. दुसरा १९२.१६८.१.१, म्हणजे केबलवाल्याने बसवलेला फायबरचा डबा, जो स्वतःही राउटरचं काम करत होता. तिसरा थांबा १०० ने सुरू होणारा, त्यापुढे ७०. एकामागे एक तीन वाडे.

१९२.१६८ ने सुरू होणारे ॲड्रेस घरगुती वापरासाठी १९९४ पासून राखून ठेवलेत, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. १०० चा पट्टा कमी माहितीचा आहे. जुन्या पद्धतीचे ॲड्रेस एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची संस्था शेवटच्या राखीव गठ्ठ्यावर आली. पुरवठादारांनी मग एकाच खऱ्या ॲड्रेसमागे अनेक घरं बसवायला सुरुवात केली. त्यासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा, सुमारे ४२ लाख ॲड्रेसचा पट्टा वेगळा काढला गेला. याला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात. लहान गावातल्या केबलवाल्याकडे खरे ॲड्रेस मोजके असतात, तेव्हा त्याने हे केलं यात मला काही गैर वाटत नाही. अडचण त्याच्या कडकपणात आहे. टोकन सगळ्यांसाठी एकच ठेवावं असं यासाठीचे तांत्रिक संकेत सांगतात. २००७ मध्ये ते साध्या नॅटसाठी लिहिले गेले, २०१३ मध्ये पुरवठादारांच्या नॅटसाठी. ते पाळले, तर इतक्या दारांमागे असूनही दोन कन्सोल बहुतेक वेळा जोडले जातात.

ओमने उघडलेले पोर्ट का चालले नाहीत, तेही आता दिसलं. त्याने व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे सगळं बरोबर केलं होतं, पण सर्वांत आतल्या वाड्याच्या दारात. बाहेरची दोन दारं बंदच होती.

मी एका वेळी एकच बदल करायचा नियम पाळला. आधी कन्सोल थेट फायबरच्या डब्याला लावला, म्हणजे दाजींचा राउटर मधून गेला. प्रकार ३. मग केबलवाल्याला फोन केला. तिकडून उत्तर आलं, "स्पीड येतोय ना साहेब? मग आमच्याकडून ओके आहे." मी वाद घातला नाही. दोन वाक्यं सांगितली: "डबा ब्रिज मोडवर टाका, आमच्या राउटरवर लॉगिन होऊ दे. आणि मला पब्लिक आयपी हवा आहे, त्याचा वेगळा चार्ज असेल तर सांगा." ब्रिज मोड म्हणजे डब्याने राउटरचं काम सोडून फक्त वाट द्यायची, आणि पब्लिक आयपी म्हणजे कुणाच्या मागे न लपलेला आपला स्वतःचा खरा ॲड्रेस. सूर लगेच बदलला. बरेचदा पुरवठादाराकडे ती सोय असते, पण "गेम चालत नाही" या तक्रारीवर ती कुणी देत नाही, कारण फोनवरच्या माणसाला त्यातून काय करायचं तेच कळत नाही.

पाडव्याच्या दुपारी मुलगा आला, डबा ब्रिज मोडवर टाकला, युजरनेम-पासवर्ड दाजींच्या राउटरमध्ये भरला. आता तीनाऐवजी दोनच दारं. मोठ्या आशेने चाचणी लावली. प्रकार ३. ओमचा चेहरा पडला, पण मला हा निकाल हवाच होता. घरातलं एक दार काढूनही फरक पडत नाही, म्हणजे कडक मालक केबलवाल्याकडेच आहे, हे आता अंदाजाने नाही तर मोजून कळलं. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा ॲड्रेस १००.७० ने सुरू होत होता, आणि "माझा आयपी काय" सांगणाऱ्या पानावर १०३ ने. हे दोन आकडे वेगळे असतील, तर मध्ये अजून कुणीतरी आहे.

भाऊबीजेच्या दिवशी पैसे भरले, संध्याकाळी पब्लिक आयपी मिळाला. राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू केला. दोन्ही पानांवर आकडा एकच. राउटरमध्ये यूपीएनपी चालू होतं, त्यातून कन्सोल लागेल ते दार स्वतः उघडून घेतो. ओमने जुने उघडलेले पोर्ट काढून टाकले. चाचणी: प्रकार २.

प्रकार १ च्या मागे लागू नये. त्यासाठी कन्सोल राउटरशिवाय उघडा ठेवावा लागतो आणि खेळात त्याचा फायदा काही नाही. पब्लिक आयपी आला की राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदलायचा, हे मात्र त्याच मिनिटाला करावं. आता तो दरवाजा सगळ्या जगाला दिसतो. दाजींच्या राउटरला अजून कारखान्यातलाच पासवर्ड होता. आम्ही तो बदलला आणि बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय बंद आहे ना, ते पाहिलं.

शंतनूच्या घरी आम्ही काहीच बदललं नव्हतं. त्याचा प्रकार अजूनही ३ च. पण एका बाजूची वाट मोकळी झाली की दुसरी आतून निघून तिथे पोचते. सव्वानऊला ओमने पार्टी उघडली. हेडसेट त्याने माझ्या कानाला लावला. पलीकडून शंतनू म्हणत होता, "ओम्या, तू खरंच बोलतोयस का रे?"

मार्चमधला फोन

निघताना मी एक कागद लिहून शोकेसच्या आतल्या बाजूला चिकटवला. कन्सोलचा राखीव ॲड्रेस, केबलवाल्याचं युजरनेम, राउटरपर्यंतचं नेहमीचं पिंग, सिंगापूरचं नेहमीचं पिंग, नॅटचा प्रकार, आणि राउटरच्या बाहेरच्या बाजूचा ॲड्रेस. सगळं ठीक असतानाचे आकडे लिहून ठेवलेले नसतील, तर बिघडल्यावर तुलना कशाशी करणार?

मार्चमध्ये ओमचा फोन आला. प्रकार पुन्हा ३ झाला होता आणि शंतनूचा आवाज पुन्हा गेला होता. मी विचारायला सुरुवात करणार तोच तो म्हणाला, "मामा, राउटरचं पान बघितलंय मी. कागदावर एकशेतीन लिहिलंय, आता परत शंभर-सत्तर दिसतोय. त्यांनी तिकडे काहीतरी नवीन मशीन बसवलंय, त्यात आपला पब्लिक आयपी गेला. मी फोन केलाय, उद्या देतो म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा मेसेज आला. त्यात फक्त एकच आकडा होता: २.